पांढऱ्या भिंतीवरची कोंबडी

आमच्याकडे एक कोंबडी होती, तिच्या मानेवर पीस म्हणून नव्हतं. तसली जातच असते ती, त्यात नवल काही नाही. पण माझ्या धाकट्या भावाला तिचं भारी कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "बघा, बाई मफलर घरी विसरून आल्यात!" गणपतीला माजघरातली भिंत तोच रंगवायचा. आमच्याकडे तशी रीतच आहे. गणपती बसतो त्याच्या मागची भिंत आधी चुन्यानं पांढरी करायची, मग तिच्यावर चित्र काढायचं. कुणी कमळं काढतं, कुणी मोर. पुढच्या वर्षी पुन्हा चुना आणि पुन्हा नवं चित्र. एका वर्षी भावानं कैलास काढला. बर्फाचे डोंगर, वर चंद्र, आणि खाली कोपऱ्यात, त्या बर्फात, आमची कोंबडी दाणे टिपतेय. भटजी मंत्र म्हणता म्हणता तिच्याकडेच बघत राहिले. आई म्हणाली, "मेल्या, देवासमोर तरी चेष्टा नको." पण पुसायला काही लावली नाही. तेव्हापासून चित्र कुठलंही असो, कोपऱ्यात आमच्या घरातलं काहीतरी असायचंच. शेपूट तुटलेलं मांजर, नाहीतर बाबांची दांडी मोडलेली छत्री.

ही ऐंशीनंतरची, रत्नागिरीतली गोष्ट. भाऊ पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, मिरकरवाड्यात होड्यांवरची नावं, आणि रस्त्याकडेच्या भिंतींवर जाहिराती. छत्र्या, तंबाखू, साबण, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणूक आली की ज्याचं त्याचं चिन्ह. मी घरी पायाच्या मशीनवर शिवणकाम करायची. तो म्हणायचा, "तू बायकांना कपडे चढव, मी भिंतींना चढवतो." त्याच्या भिंती बघायला म्हणून मी कधी गेले नाही. साबणाच्या जाहिरातीत बघायचं काय? साबण आमच्या मोरीत होताच की.

त्या वर्षी उन्हाळ्यात कुणी मोठे मंत्री येणार, अशी आवई उठली. वरून सांगणं आलं की रस्त्याला लागून असलेली प्रत्येक भिंत पांढरी पाहिजे. झालं, आठवडाभरात अख्खं गाव चुन्यात बुडवलं. भावाच्या सगळ्या जाहिराती गेल्या. तो जेवायला बसला तो ताट बाजूला सारून म्हणाला, "म्हशीला पावडर फासावी तसं केलंय गाव!" मी हसले. आईपण हसली. मंत्री शेवटी आलेच नाहीत, भिंती मात्र पांढऱ्या राहिल्या. पाऊस तोंडावर आलेला, आता नवी जाहिरात कोण रंगवून घेणार? हाताला काम नाही म्हणून भाऊ जयगडला गेला.

तिथे एका नव्या लाँचवर नाव रंगवायचं होतं. नाव रंगवून झालं आणि लाँच चालवणारा तांडेल म्हणाला, चल, तू नाव काढलेली लाँच पाण्यात कशी दिसते ते बघ, एक फेरी मारून येऊ. वैशाख संपत आला होता. होड्या वर ओढून ठेवायचे ते दिवस. बाहेर वारा उठला. तांडेल आणि एक खलाशी गणपतीपुळ्याच्या अलीकडे किनाऱ्याला लागले, दोघेही गेलेले. लाँचची एक फळी सापडली. तिच्यावर भावानं रंगवलेली दोन अक्षरं शाबूत होती. तो सापडला नाही.

मला रडू आलं नाही. लोक सांगतात, धक्का बसला की असं होतं, नंतर येतं. मला नंतरही नाही आलं. मी मशीनवर बसायचे आणि पाय हलायचा नाही. बायकांचे ब्लाऊज कापलेले तसेच पडून होते. बायका यायच्या, तुकड्यांकडे बघायच्या, परत जायच्या. एकदा विळीवर बोट कापलं. आई धावली, "अगो, रक्त किती!" मी बघितलं, खरंच पुष्कळ रक्त होतं. शेजारच्या मावशी आमच्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "दगड झालाय पोरीचा." मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. एरवी मी त्यांना असं सोडलं नसतं. पण खरं सांगते, मला रागसुद्धा आला नाही.

आषाढात काका आले. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, संगमेश्वराकडचे. हातपाय धुतले, चहा घेतला आणि विषय काढला. देह मिळाला नाही म्हणून क्रियाच करायची नाही असं चालत नाही, म्हणाले, जीव अधांतरी राहतो. आपल्यात त्याची सोय आहे. पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला स्मशानात नेऊन अग्नी देतात, आणि पुढचं सगळं रीतसर होतं. "गणपती होऊ देत. पितृपक्षात उरकून टाकू," काका म्हणाले. बाबा एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढून रिटायर झालेले, बोलणं त्यांना मुळातच कमी. त्यांनी मान हलवली. आई आत चुलीपुढे होती. तिथूनच म्हणाली, "माझा झील पानांचा नाय."

पण बाबांनी मान हलवली होती, म्हणजे ते ठरलं होतं. आईला ते नको होतं. मला काय हवं होतं ते मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. करा म्हणाले असते आणि नका करू पण म्हणाले असते, दोन्ही एकाच आवाजात.

श्रावणात एके दिवशी आईनं मला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. पांढरा दोरा संपलाय, घेऊन ये, म्हणाली. दोरा कशाला हवा होता देव जाणे, मशीनवर तर फडकं पडलं होतं. छत्री घेतली आणि निघाले. कोर्टाच्या बाजूनं बाजारात उतरणारा रस्ता आमचा नेहमीचा. त्या रस्त्याला एक लांबलचक भिंत आहे, उन्हाळ्यात चुना फासलेली. तिच्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. पण छत्रीतून पाणी गळत होतं म्हणून मी मान खाली घालून चालले होते, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर मला कोंबडी दिसली.

कोरी पांढरी भिंत आणि तिच्यावर एकटी कोंबडी. मानेवर पीस नाही. एक पाय उचललेला, दाणा टिपायच्या बेतात. रंग असा तकतकीत की कालच लावला असावा. मी बोट लावून बघितलं, रंग हाताला लागला नाही, पावसानं फिकाही झाला नव्हता. उन्हाळ्यात ही भिंत पांढरीफटक होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, मागून हातगाडीवाला ओरडला, "ताई, रस्ता तुमच्या नावावर केलाय काय?" तेव्हा सरकले.

दोरा न घेताच घरी आले. आई फोडणीच्या तयारीत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातात मोहरीची वाटी.

"भिंत पांढरीच आहे अजून?" तिनं विचारलं.

"पांढरीच आहे. तिच्यावर कोंबडी आहे. आई, कळतंय का तुला? चुना मारल्यानंतर काढलीय. तो आलाय."

आईनं मोहरी तेलात टाकली. तिचं तडतडणं थांबू दिलं. मग म्हणाली, "तोंड कुठं होतं कोंबडीचं?"

"बाजाराकडे."

"मग उद्या त्या अंगाला बघून ये."

दुसऱ्या दिवशी मी बाजाराच्या अंगाला गेले आणि एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर मला शेपूट तुटलेलं मांजर सापडलं. पांढऱ्या भिंतीवर, पाठ करून बसलेलं. मग मला नादच लागला. रोज जेवणं झाली की छत्री उचलायची आणि निघायचं. मारुती मंदिराकडे जाताना एका कुंपणाच्या भिंतीवर बाबांची छत्री होती, मोडलेली दांडी सुतळीनं बांधलेली, अगदी गाठीसकट. मांडवीच्या वाटेवर आई होती. पाठमोरी, पण आईच. डोक्यावर इरलं, हातात माशांची टोपली, आणि चिखलात रुतलेली चप्पल पायानंच ओढून काढायची ती तिची पद्धत. आणि एका ठिकाणी शेजारच्या मावशी एसटीमागे धावत होत्या, एक चप्पल पायात आणि दुसरी हातात. एसटी काढलेलीच नव्हती, नुसत्या मावशी धावत होत्या. वैशाखानंतर मी पहिल्यांदा हसले ते त्या भिंतीपुढे. भर पावसात, रस्त्यात, एकटीच. एक बाई माझ्याकडे बघून रस्ता ओलांडून गेली.

इतकी वर्षं त्या गावात राहिले, पण गाव मी तेव्हा बघितलं. कुठली भिंत चिऱ्याची, कुठल्या भिंतीला गिलावा, कुठे शेवाळ धरतं, कुठे पाणी ओघळतं. चित्रं बहुतेक पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या भिंतींवर असायची, जिथे पावसाचा मारा जास्त. मला वाटायचं, बघा, लबाड कसा, पावसात त्या बाजूला कुणी थांबत नाही म्हणून तिथेच काढतो.

संध्याकाळी आईला सगळं सांगायचं. ती एकेक गोष्ट खोदून विचारायची. रंग कुठला? मांजराचा कान फाटका दाखवलाय का? माझ्या टोपलीत मासे कुठले दिसतात? मी म्हटलं, बांगडे. ती म्हणाली, "बांगडेच असणार. त्याला दुसरं दिसतं काय?" बाबा ओटीवर बसून ऐकायचे. ते काही विचारायचे नाहीत. पण मागच्या दाराची कडी ते आता लावायचे नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

तो घरी का येत नाही, याचं उत्तरही मी शोधून ठेवलं होतं. तांडेल गेला, खलाशी गेला, हा एकटा वाचला. आता तांडेलाच्या बायकोपुढे कुठल्या तोंडानं उभा राहणार? म्हणून लपला असेल. राजीवड्यात कुणाकडे असेल, नाहीतर भाट्याच्या पलीकडे. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती मानेनं हो म्हणाली. मला तेवढं पुरलं.

मिरकरवाड्यात एक चाचा होते, होड्यांचं सामान विकायचे. जाळी, दोर, डांबर, रंग. भावाचं त्यांच्याकडे येणं-जाणं होतं. मी जाऊन विचारलं, चाचा, तो रंग घ्यायला येतो का हल्ली? चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग दुकानातून उठून बाहेर आले, माझ्याबरोबर पावसात उभे राहिले. "बेटा," ते म्हणाले, "तो रत्नागिरीत पाऊल टाकता ना, तर पयला माझ्याकडे आला असता. डब्याच्या बुडाला राहिलेला होडीचा रंग मीच देत होतो त्याला. फुकट. काय करायचा त्याचं, अल्ला जाने. बोलायचा, चाचा, हा रंग दर्यात सुटत नाय, मग कुठंच सुटणार नाय." मी म्हटलं, आता दुसरीकडून घेत असेल. चाचा म्हणाले, असेल. मला त्यांचा राग आला. खूप दिवसांनी आला, आणि तो चुकीच्या माणसाचा आला.

मग मी एक केलं. शिवणाचा निळा खडू घेऊन गेले आणि कोर्टाजवळच्या भिंतीवर, कोंबडीच्या पायाशी, लिहिलं, "गणपतीला घरी ये." आजूबाजूला कोण बघतंय याची पर्वा केली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर अक्षर नाही. मी इतकी खूश झाले की काय सांगू! मला वाटलं, त्यानं वाचलं आणि कुणी बघू नये म्हणून पुसलं. रात्रभर पाऊस कोसळत होता, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, दुसरं काय.

गणपतीच्या आधी काका पुन्हा आले. पळसाची पानं कुठून आणायची, भटजी कोण, सगळं ठरवूनच आले होते. बाबा म्हणाले, "एवढ्यात नको. थांबू." आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी त्यांना नाही म्हटलं असेल. काकांना कारण कळलं तेव्हा ते हसले. "अरे, चित्रं काय, कुणीही पोरटं काढील. भिंतीवरच्या कोंबडीसाठी क्रिया थांबवायची? जगात कुणी ऐकलंय?"

मी आतून बाहेर आले. "काका, तुम्हाला एवढी घाई असेल तर स्वतःचं करून घ्या," मी म्हटलं. "पानं आम्ही आणून देतो."

बाप रे! असं कुणाला बोलायचं नसतं, काकांना तर नाहीच. बाबांनी मान खाली घातली. काकांचा चेहरा पडला, पण ते गेले नाहीत. गणपतीला थांबायचंच होतं त्यांना. मला वाटलं आई रागावेल. तिनं मला आत बोलावलं आणि हातात चुन्याची बादली दिली.

आम्ही दोघींनी माजघरातली भिंत पांढरी केली. काका म्हणाले, एक पेंटर आहे ओळखीचा, बोलावू? आई म्हणाली, "नको. राहू दे कोरी." सगळ्या गावाचे मुंबईकर गणपतीला येतात. ज्याला वर्षभर आईबाप आठवत नाहीत तोसुद्धा येतो. मग आमचा तर गावातच आहे, येईलच. भिंत बघून त्याला राहवणारच नाही, असं मी धरून चालले होते. गणपती आला, कोऱ्या भिंतीपुढे बसला. आरतीला माणसं जमली, भिंतीकडे बघायची आणि पटकन नजर वळवायची. अंगणात चप्पल वाजली की मी ताम्हन तसंच ठेवून दाराशी जायची. मावशी यायच्या, भजनवाले यायचे, पेढे घेऊन शेजारचा मुलगा यायचा. गौरीबरोबर गणपती गेले. मांडवीला विसर्जनाच्या गर्दीत मी एकेक तोंड बघत फिरले. मूर्ती पाण्यात गेली तेव्हा सगळे समुद्राकडे बघत होते, मी समुद्राकडे पाठ करून माणसांकडे बघत होते.

तो आला नाही. घरी येऊन रिकामा पाट धुतला, पुसला, माळ्यावर ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. पुन्हा वैशाखासारखं झालं, बोट कापलं तरी दुसऱ्या कुणाचं.

पण फिरायची सवय लागली होती, ती काही सुटली नाही. एक भाट्याकडचा रस्ता तेवढा राहिला होता. पितृपक्ष लागायच्या आधी दोन-चार दिवस उघडीप पडली तेव्हा मी त्या बाजूला गेले. तिथे खाडीकडे तोंड करून एक भाताची गिरणी आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतींना झाप लावतात, माडाच्या झावळ्या विणून केलेले, म्हणजे भिंतीला पावसाचा मार बसत नाही. गिरणीच्या भिंतीला वरच्या अर्ध्या भागाला झाप होते. खालचा भाग उघडा. झाप कुजले होते म्हणून गिरणीवाला ते उतरवत होता. एकेक झाप काढून खाली टाकत होता आणि मी नुसती बघत उभी होते.

भिंतीवर दोन पाय होते. गुडघ्याखालचे, बाईचे. साडीचा काठ वर खोचलेला आणि पाय मशीनच्या पॅडलवर. उजवा पाय सरळ, डावा त्याच्यावर आडवा टाकलेला. असं मशीन कुणी चालवत नाही. मला लहानपणापासून ती खोड आहे, आई ओरडून ओरडून थकली. ते माझे पाय होते.

आणि गुडघ्याच्या वर काही नव्हतं. झापाची खालची कड जिथे टेकत होती, तिथे चित्र सुरीनं कापल्यासारखं सरळ रेघेत संपलं होतं. रेघेच्या वर कोरा पांढरा चुना.

मी जवळ गेले. नखानं त्या रेघेवर घासलं. चुन्याचा पापुद्रा निघाला. खाली साडी होती, हिरवी. अजून घासलं, गुडघा आला. मग मशीनचं चाक आलं, चाकावरचा हात आला. चुना सुटत होता आणि खालून रंग बाहेर येत होता. हा काल काढलेला रंग नव्हता. हा चुन्याच्या आधीचा होता. होडीचा रंग, दर्यात न सुटणारा, त्याच्यावर चुना धरलाच नव्हता. जाहिराती त्यानं पावडरीच्या रंगात केलेल्या, त्यांच्यावर चुना चिकटून बसला. पण प्रत्येक जाहिरातीच्या कोपऱ्यात त्यानं घरातलं काहीतरी होडीच्या रंगानं काढलेलं, त्याच्यावरचा चुना तेवढा पावसानं धुऊन नेला. श्रावणात कुणी काही काढलं नव्हतं. नुसता पाऊस पडला होता.

हातापर्यंत आले आणि थांबले. तोंडापर्यंत गेले नाही. गिरणीवाला म्हणाला, "अहो बाई, भिंत कशाला खरवडता माझी?" मी त्याच्याकडे तसं काही बघितलं असेल, कारण तो पुढे काही म्हणाला नाही.

सगळ्या वाटेवर एकच ठरवत आले, की आईला सांगायचं नाही. तिची आशा माझ्या हातानं मोडायची नाही. उद्या दुसरी भिंत, परवा तिसरी, वाटेल ते रचून सांगेन, मला काय धाड भरलीय! घरी आले. आई तांदूळ निवडत होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघितलं. नखांत चुना भरला होता.

"कळलं तुला," आई म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "चुलीमागच्या भिंतीला दर वर्षी चुना मारते मी. फोडणी उडालेल्या जागी कधी धरलाय काय तो? पाऊस लागला की जातो. तू बोललीस भिंत पांढरी नि कोंबडी तेवढी वर आली, तेव्हाच मी समजले."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. "मी वेड्यासारखी गावभर फिरले! खडूनं लिहून आले! काकांना नाही नाही ते बोलले! बाबा दाराची कडी लावत नाहीत, दिसतंय ना तुला?"

"दिसतंय."

"मग?"

आईचे हात तांदळात होते. तिनं एक खडा उचलला, बाजूला टाकला. "तू रोज येऊन सांगायचीस," ती म्हणाली. "आज मांजर, आज छत्री. तू सांगत असायचीस तेवढा वेळ तो घरात असायचा. आणि तू पण असायचीस गो. वैशाखापासून तू पण नव्हतीस."

तिच्यापुढच्या सुपात मीही तांदूळ निवडायला लागले. चुन्याचे हात आहेत, धुऊन ये, असंसुद्धा ती म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला आणि उठली. "त्यांना मी सांगते," म्हणाली आणि ओटीवर गेली. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी मागच्या दाराची कडी लावली. कडी गंजली होती, लागताना वाजली.

पितृपक्षात, अमावास्येच्या आत, काकांनी पळसाची पानं आणली. ओटीवर बसून भटजींनी आणि काकांनी त्यांचा माणूस केला. काका माझ्याशी एक शब्द वावगा बोलले नाहीत. पानं कमी पडतात की काय म्हणून ते पुन्हा पुन्हा बघत होते. मग पुरुषमाणसं तो पानांचा माणूस घेऊन समुद्राकडच्या स्मशानात गेली. बाबा पुढे होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. त्यांच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवून आई आणि मी पडवीत बसलो.

अंगणात कोंबडी फिरत होती. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. एव्हाना तिथे अग्नी दिला असेल. दोघींनाही ते कळत होतं. मग आईनं विचारलं, "अजून कुठल्या कुठल्या भिंतीवर चुना शिल्लक आहे गो?"

मी आठवून सांगायला लागले. कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे, तिथे पाऊस फारसा लागत नाही. स्टँडच्या आतल्या बाजूला आहे. मारुती मंदिराच्या पुढे जुन्या गोडाऊनला आहे, सगळाच्या सगळा. "आणि गिरणीच्या भिंतीवर अर्धा आहे," मी म्हटलं. "तिथे मी आहे, मशीनवर. तोंड अजून चुन्याखाली आहे."

"तो चुना तू काढू नको," आई म्हणाली. "पावसाला काढू दे. पुढल्या वर्षी मला पण ने बघायला."

मी हो म्हणाले आणि मला रडू फुटलं. आईनं आवरायला सांगितलं नाही.